पेलेट चूल : नियमित सफाई आणि देखभाल

शासकीय योजनेतून, ग्रामपंचायतीमार्फत, एखाद्या संस्थेकडून किंवा कार्बन क्रेडिट प्रकल्पातून तुमच्या घरी पेलेटवर चालणारी चूल आली असेल, तर ही माहिती तुमच्यासाठी आहे. अंगणवाडी, आश्रमशाळा किंवा शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात मोठी पेलेट चूल वापरणाऱ्यांनाही ती उपयोगी पडेल.

चूल मिळाल्यावर पहिले दोन-तीन महिने बहुतेक घरांत ती चांगली चालते. मग एक दिवस पेटायला वेळ लागतो, धूर येऊ लागतो, पंखा आवाज करतो. घरातली माणसे म्हणतात, चूलच खराब निघाली. ती कोपऱ्यात जाते आणि जुनी तीन दगडांची चूल पुन्हा पेटते. अशा बंद पडलेल्या अनेक चुलींमध्ये बिघाड काहीच नसतो, फक्त राखेने आणि काजळीने हवेची वाट बुजलेली असते.

ही गोष्ट नवी नाही. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या गेल्या. २००२ मध्ये केंद्राने तो कार्यक्रम थांबवला. चुली किती वाटल्या याची मोजणी नीट झाली; त्यांतल्या किती दोन वर्षांनी चालू होत्या, याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. ओडिशातील सुमारे अडीच हजार कुटुंबांवर रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थतज्ज्ञांनी केलेला अभ्यास याबाबत बोलका आहे. तिथल्या चुली पेलेटच्या नव्हत्या, धुराड्याच्या मातीच्या सुधारित चुली होत्या. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासात जाणारा धूर कमी झाला. पुढे मात्र तो फायदा उरला नाही, कारण चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची देखभालही झाली नाही. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेली चूल घरात नापास झाली ती अशी.

घरातल्या धुराचे परिणाम किरकोळ नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरगुती इंधनाच्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. त्यांत पाच वर्षांखालील मुलांची संख्या दोन लाखांहून जास्त होती. चुलीपाशी सर्वांत जास्त वेळ घरातली बाई असते आणि तिच्या कडेवरचे मूल असते.

पेलेट चूल कशी जळते

देखभाल नेमकी कशाची करायची हे कळण्यासाठी एवढे समजून घ्या. साध्या चुलीत लाकूड थेट जळते आणि अर्धवट जळलेला भाग धूर होऊन बाहेर पडतो. पेलेट चुलीत पेलेट वरून पेटवतात. खालच्या जाळीतून थोडी हवा येते, तिच्यामुळे पेलेट तापून त्यांतून जळाऊ वायू निघतो. भांड्याच्या तोंडाशी आतल्या बाजूला बारीक भोकांची एक रांग असते. पंख्याची जास्त हवा त्या भोकांतून येते आणि हा वायू तिथेच पेटतो. म्हणजे धूर बाहेर पडण्याआधीच जळून जातो.

खालची जाळी, वरची भोके आणि पंखा या तिन्हींतून हवा मोकळी वाहिली पाहिजे. यांतले एक जरी बुजले तरी वायू न जळता बाहेर येतो, आणि तोच तुम्हाला धूर म्हणून दिसतो. भारतीय मानक आयएस १३१५२ मध्ये पंख्याच्या चुलीसाठी किमान ३५ टक्के औष्णिक कार्यक्षमता सांगितली आहे, बिनपंख्याच्या चुलीसाठी २५ टक्के. धुरातल्या कणांची मर्यादा तर पंख्याच्या चुलीला निम्म्याहून कमी आहे : एक मेगाज्यूल उपयुक्त उष्णतेमागे १५० मिलिग्रॅम, बिनपंख्याच्या चुलीला ३५०. हे आकडे स्वच्छ चुलीचे आहेत. पंखा बंद पडलेल्या किंवा भोके बुजलेल्या चुलीला ते लागू होत नाहीत, मग तिच्यावर कोणतेही चिन्ह असो.

रोजची सफाई

चूल पूर्ण गार झाल्यावरच राख काढा. रात्रीचा स्वयंपाक झाला की सकाळी पेटवण्याआधी सफाई करणे बहुतेक घरांना सोयीचे जाते. पंखा बंद करा, चार्जरची वायर जोडलेली असेल तर काढा. चूल उपडी करून किंवा राखेचा कप्पा ओढून सगळी राख बाहेर काढा. मग जाळीकडे बघा. तिच्या फटींत अडकलेले तुकडे जाड तारेने किंवा जुन्या स्क्रूड्रायव्हरने मोकळे करा आणि कोरड्या ब्रशने झाडा. जाळीतून खालचा उजेड दिसला पाहिजे. दोन मिनिटांचे काम आहे.

कधी कधी राखेबरोबर काचेसारखे, दगडासारखे कडक खडे निघतात. वीटभट्टीतल्या खंगरासारखे दिसतात. पेलेटमध्ये माती मिसळलेली असली किंवा ती जास्त राखेच्या पिकाच्या अवशेषांपासून बनवलेली असली की राख वितळून असे खडे होतात. ते जाळीला चिकटून बसतात. लोखंडी सळीने ठोकून काढू नका, त्याने जाळी वाकते आणि आतले भाजक्या मातीचे अस्तर तडकते. गार झाल्यावर उलथन्याच्या टोकाने हलकेच सुटे करा. रोज असे खडे येत असतील तर दोष चुलीत नाही, पेलेटमध्ये आहे. पुरवठादाराला ते खडे दाखवा.

पाणी वापरू नका. तापलेल्या चुलीवर पाणी ओतून निखारे विझवण्याची सवय अनेकांना असते. साध्या मातीच्या चुलीला ते चालते, इथे मात्र अस्तराला तडे जातात, पत्र्याला गंज चढतो आणि पाणी खाली पंख्यापर्यंत पोहोचते. बाहेरचा पत्रा पुसायचा तर पिळलेल्या फडक्याने पुसा. दूध किंवा भाताची पेज उतू गेली तर ती त्याच दिवशी काढा, कारण ती भोकांवर करपून बसली की नंतर निघत नाही. रोजच्या सफाईत लोकांची सर्वांत जास्त टाळाटाळ याच कामात होते.

राख पेटती नाही ना, याची खात्री करा. वरून पांढरी आणि गार दिसणाऱ्या राखेत निखारा एक दिवसही जिवंत राहू शकतो. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत ठेवा, प्लास्टिकच्या घमेल्यात नको. कडब्याची गंजी, गोठा, कुडाची भिंत किंवा पेलेटची पोती यांच्याजवळ ती कधीही टाकू नका. पूर्ण विझलेली लाकडी पेलेटची राख परसबागेत थोडी थोडी टाकता येते. एकाच जागी ढीग करू नका, ती क्षारीय असते.

आठवड्यातून एकदा

वरच्या रांगेतली भोके बारीक तारेने एकेक करून मोकळी करा. छत्रीची काडी किंवा सायकलचा जुना आरा यासाठी चांगला. भोके मोठी करायची नाहीत, फक्त काजळी काढायची. भोके मोठी झाली की हवेचे प्रमाण बिघडते. एखाद्या बाजूची भोके बुजली असतील तर ज्योत एकीकडे झुकलेली दिसते, त्यावरून नेमकी कुठे साफ करायची ते कळते.

पंख्याची हवा आत ओढणारी जाळी बहुधा चुलीच्या तळाशी किंवा बाजूला असते. जमिनीवर ठेवलेल्या चुलीत तिथे धूळ, केस, पीठ, कोंबडीची पिसेसुद्धा अडकतात. कोरड्या ब्रशने साफ करा. चूल जमिनीवर थेट न ठेवता दोन विटांवर किंवा फरशीवर ठेवली तर निम्मी धूळ टळते. पंखा स्वतः उघडू नका. हमीच्या काळात उघडलेला पंखा बदलून देण्यास पुरवठादार नकार देऊ शकतो.

सौर पॅनेलवर चालणारी चूल असेल तर पॅनेल ओल्या मऊ फडक्याने पुसा, पहाटे किंवा संध्याकाळी, पॅनेल गार असताना. बॅटरी पूर्ण उतरेपर्यंत वाट पाहू नका. शिसे-आम्लाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर कायमची खराब होते. लग्नासाठी, ऊसतोडीसाठी किंवा माहेरी महिनाभर घर बंद राहणार असेल तर निघण्यापूर्वी ती पूर्ण चार्ज करा.

भांड्यांचा बूड बघण्याची सवय लावून घ्या. नीट जळणाऱ्या पेलेट चुलीवर बूड तपकिरी होतो, फार काळा होत नाही. आठवड्याभरात बूड काळाकुट्ट आणि चिकट झाला तर हवेची वाट कुठेतरी अडली आहे. वेगळे यंत्र न लावता चुलीची तब्येत कळण्याचा हा सोपा मार्ग आहे.

पेलेट कशी आहेत ते बघा

सफाई किती वेळा करावी लागेल हे पेलेट ठरवतात. लाकडी भुशाच्या चांगल्या पेलेटमध्ये राख एक-दोन टक्के असते, म्हणजे एक किलो जाळल्यावर दहा-वीस ग्रॅम. भाताच्या तुसात ती पंधरा ते वीस टक्क्यांपर्यंत असते, म्हणजे एका किलोमागे दीडशे-दोनशे ग्रॅम. तुसाची पेलेट वापरणाऱ्याची जाळी एका स्वयंपाकातच भरू शकते. भुईमुगाची टरफले, पराटी, सोयाबीनचे कुटार, उसाचे चिपाड, मोहरीचा पाला असे त्या त्या भागात जे मिळते त्यापासून पेलेट बनतात, आणि प्रत्येकाची राख वेगळी असते. शेजारच्या गावातल्या बहिणीची चूल आठवड्यातून दोनदा साफ करून चालते म्हणून तुमचीही चालेल असे नाही.

पेलेट विकत घेताना एक हातात घेऊन मोडा. चांगले पेलेट कडक असते आणि टचकन तुटते. दाबल्यावर भुसा होणारे पेलेट ओले आहे किंवा नीट दाबलेले नाही. पोत्याच्या तळाशी साचलेली भुकटी चुलीत ओतू नका. ती पेलेटच्या मधल्या फटींत बसते, खालची हवा अडवते आणि पहिली दहा मिनिटे नुसता धूर निघतो. पेलेट चाळणीने चाळून भरा. भुकटी उघड्या चुलीत किंवा बंबात जाळता येते.

ओल हा पेलेटचा मोठा शत्रू. पाणी लागले की पेलेट फुगते आणि त्याचा पुन्हा भुसा होतो. वाळवून ते पूर्ववत होत नाही. पोती भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नका. लाकडी फळीवर, झाकणाच्या ड्रममध्ये किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवा. कोकणात, ईशान्य भारतात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यातली नुसती हवासुद्धा पेलेट नरम करते, म्हणून तिथे चार महिन्यांचा साठा एकदम न करता पंधरा-वीस दिवसांचा करा. पुरवठादार दर आठवड्याला येत नसेल तर चार घरांनी मिळून एक बंद ड्रम ठेवणे परवडते.

पेलेट चुलीत लाकडाच्या ढलप्या, गोवऱ्या किंवा प्लास्टिक घालू नका. पेलेट संपली की हातात येईल ते घालण्याचा मोह होतो, हे खरे. पण लांब लाकूड वरच्या भोकांच्या बाहेर येते, वायू भोकांपाशी न जळता खोलीत जातो आणि प्लास्टिकचा धूर तर विषारीच. पेलेट संपली आणि घरात गॅस असेल तर त्या दिवशी गॅस वापरा. उज्ज्वलाच्या अनेक घरांत दोन्ही असतात, तिथे हे शक्य आहे.

धूर येऊ लागला तर

आधी पंख्याला कान लावा. फिरत नसेल तर चार्ज, वायरची जोडणी आणि बटण बघा. फिरत असून हवा कमी वाटत असेल तर तळाची जाळी साफ करा. पंखा ठीक असेल तर पेलेट कुठपर्यंत भरली आहेत ते बघा : ती वरच्या भोकांच्या रांगेच्या खाली असली पाहिजेत. भोके झाकली जातील इतकी भरली की धूर ठरलेलाच. अर्ध्या स्वयंपाकात मूठभर पेलेट वरून टाकली तरी काही काळ धूर येतो, म्हणून सुरुवातीलाच जेवणाच्या अंदाजाने भरा.

पेटवताना पंखा कमीत कमी वेगावर ठेवा आणि वर बारीक सुक्या काड्या पसरून पेटवा. पूर्ण वेगाच्या हवेने कोवळी ज्योत विझते आणि धूर होतो. पेटलेल्या किंवा तापलेल्या चुलीत रॉकेल ओतू नका. रॉकेलची वाफ एकदम भडकते आणि ओतणाऱ्याच्या हाता-तोंडावर येते. ज्योत अर्ध्यात विझली तर पंखा बंद करा, चूल उघड्यावर न्या, धूर थांबून गार होऊ द्या आणि पुन्हा नव्याने पेटवा.

हे सगळे करूनही धूर राहिला तर आतले अस्तर तपासा. बारीक रेषेसारखा तडा चालतो. तुकडा निघाला असेल, किंवा बाहेरचा पत्रा पूर्वीपेक्षा जास्त तापत असेल, तर चूल वापरू नका आणि दुरुस्तीला द्या.

निखाऱ्यांपासून सावध

या मजकुरातले एवढेच वाचले तरी चालेल असे काही असेल तर ते हे. स्वयंपाक संपला, ज्योत गेली, तरी चुलीत लाल निखारे उरतात. त्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही असे वाटते. थंडीच्या दिवसांत शेकायला म्हणून निखाऱ्यांची चूल किंवा शेगडी झोपण्याच्या खोलीत घेऊन दार लावून झोपल्याने माणसे दगावतात. उत्तर भारतात हिवाळ्यात अशा बातम्या वारंवार येतात. चूल नेहमी दार-खिडकी उघडी असलेल्या जागी वापरा आणि ज्योत गेल्यावर ती अंगणात किंवा ओसरीत नेऊन ठेवा. नेताना जाड कापडाने मुठी धरा, मुलांना वाटेतून बाजूला करा.

घरातल्या एकापेक्षा जास्त जणांना एकाच वेळी डोकेदुखी, चक्कर किंवा मळमळ सुरू झाली तर आधी सगळ्यांना उघड्या हवेत आणा, मग ११२ या राष्ट्रीय आपत्कालीन क्रमांकावर किंवा अनेक राज्यांत चालणाऱ्या १०८ रुग्णवाहिका क्रमांकावर फोन करा. चटका बसला तर भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई किंवा हळद लावू नका.

शाळा आणि अंगणवाडीतील मोठी चूल

२०१४ मध्ये नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने सुरू केलेल्या उन्नत चूल अभियानात घरगुती चुलींबरोबर शाळा, अंगणवाड्या, वसतिगृहे यांसाठी मोठ्या चुलींचाही समावेश होता. अशा चुलीची सफाई कोणाची, हे बहुतेक ठिकाणी ठरलेलेच नसते. स्वयंपाकी ताई म्हणतात हे शाळेचे काम, शाळा म्हणते पुरवठादाराचे. राख काढणे आणि जाळी साफ करणे हे रोज स्वयंपाक करणाऱ्याकडे असावे आणि पंखा, धुराडे, वायरिंग यांची तिमाही तपासणी शाळा व्यवस्थापन समितीने लेखी ठरवून द्यावी. धुराडे असेल तर त्याची काजळी ब्रशने वर्षातून किमान दोनदा काढा, एकदा पावसाळ्याआधी. जुन्या चुलींना सिमेंट-ॲस्बेस्टॉसचे पाइप असतात. ते कोरडे घासू किंवा कापू नका, त्याची धूळ फुफ्फुसाला घातक असते. असा पाइप बदलून घेणेच बरे.

हमी, सुटे भाग आणि तक्रार

चूल मिळाली त्या दिवशी चार गोष्टी लिहून ठेवा : चुलीवरच्या पट्टीवरील अनुक्रमांक, मिळाल्याची तारीख, हमी किती महिन्यांची आणि दुरुस्तीसाठी कोणाला फोन करायचा. हमीपत्र रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, चुलीच्या खोक्यात ठेवले तर ते खोक्याबरोबर जाते. पंखा, बॅटरी, जाळी हे झिजणारे भाग आहेत. ते कुठे आणि किती रुपयांना मिळतील हे वाटपाच्या दिवशीच विचारा. त्या दिवशी पुरवठादार समोर उभा असतो, नंतर तो सापडत नाही.

चूल कार्बन क्रेडिट प्रकल्पातून फुकट मिळाली असेल तरी दुरुस्ती मागताना संकोच करू नका. अशा प्रकल्पाचे उत्पन्न चूल प्रत्यक्ष वापरात आहे की नाही यावर ठरते. तपासणीला माणूस आला तर चूल बंद असल्याचे खरे सांगा. चालू आहे म्हणून सही दिली की दुरुस्तीचा हक्काचा मुद्दा हातातून जातो.

दुरुस्ती होत नसेल तर आधी पुरवठादाराला लेखी कळवा आणि प्रत स्वतःकडे ठेवा. त्यानंतर ग्रामपंचायत, पंचायत समिती किंवा राज्याच्या अपारंपरिक ऊर्जा विकास यंत्रणेकडे अर्ज करा. महाराष्ट्रात ही यंत्रणा महाऊर्जा आहे. केंद्राच्या योजनेतील चुलीबाबत केंद्र शासनाच्या सीपीग्राम्स तक्रार पोर्टलवर नोंद करता येते, महाराष्ट्रातल्या तक्रारीसाठी आपले सरकार पोर्टल आहे. तुम्ही चुलीची पूर्ण किंमत किंवा लाभार्थी हिस्सा भरला असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. पावती नसेल तर अडचण येते, म्हणून हिस्सा भरताना पावती मागाच.

बॅटरी संपली तर ती कचऱ्यात, विहिरीजवळ किंवा उकिरड्यावर टाकू नका आणि फोडूही नका. आत शिसे आणि आम्ल असते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर आहे. नवी बॅटरी घेताना जुनी विक्रेत्याला परत द्या आणि तिच्या मोबदल्यात किंमत किती कमी होईल ते आधी विचारून घ्या.